साडेसात ते साडेपाच

२ डिसेंबर २०२५, मंगळवार. बदलापूर स्थानकात पहाटे सहाला नेहमीइतकीच गर्दी होती. पुलाच्या पायऱ्या पायांना पाठ झालेली माणसं खाली न बघता भराभर उतरत होती. आपला डबा फलाटावर नेमका कुठे लागतो, हे ज्याचं त्याला ठाऊक. कोणी ठरलेल्या खांबापाशी थांबलं होतं, कोणी चहाच्या स्टॉलपाशी. अंबरनाथहून उलटं येऊन जागा धरलेली मंडळी गाडीत डोळे मिटून बसली होती. लेडीज डब्यापाशी उभ्या असलेल्या घोळक्यात कोणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्याचं बोलणं चाललं होतं. गाडी आली, भरली, गेली. पुढची आली, तीही भरून गेली.

त्या दिवशी कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचं मतदान होतं. आधीचं झालं होतं २२ एप्रिल २०१५ला. म्हणजे साडेदहा वर्षांनी शहराला आपले नगरसेवक आणि नगराध्यक्ष निवडायची संधी मिळत होती. स्थानकापासून थोडं आत गेलं की कार्यकर्ते टेबलं मांडताना, यादीचे गठ्ठे सोडताना दिसत होते. फलाटावर मात्र त्याची काही खूण नव्हती. चाळिशीतल्या एका गृहस्थांना विचारलं, आज मतदान आहे ना? ते म्हणाले, “आहे ना. पण आमचं ऑफिस लोअर परळला. तिथे कुठे आहे मतदान?”

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्या दिवशी मुंबईत मतदान नव्हतं. मुंबई महापालिकेसाठी मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ला. लोअर परळच्या त्या कार्यालयाच्या दृष्टीने २ डिसेंबर हा साधा मंगळवार होता.

या अंकासाठी संपादकांनी ‘माझा पत्ता’ हा विषय दिला, तेव्हा मला हे गृहस्थ आठवले. आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकावर, कर्जाच्या कागदांवर त्यांचा पत्ता बदलापूरचा असणार. वीस वर्षांचे हप्ते ते याच पत्त्यासाठी भरत असतील. पण जागेपणीचे बहुतेक तास हा माणूस त्या पत्त्यावर नसतो. अशा माणसाने तिथल्या छोट्या निवडणुकीत मत का द्यावं, हा प्रश्न घेऊन मी बदलापूर, अंबरनाथ, कर्जत या पट्ट्यात फिरलो, लोकांशी बोललो, नगरपरिषदेचं काम कसं चालतं ते समजून घेतलं. हिंडताना माझं मत पक्कं होत गेलं : रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला या निवडणुकीची गरज इतर कोणाहीपेक्षा जास्त आहे.

दोन घड्याळं

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. फास्ट मिळाली तर सव्वा ते दीड तास, आणि घरापासून स्थानकापर्यंतची रिक्षा, तिकडे उतरल्यावरची बस किंवा मेट्रो धरली तर एका बाजूला दोन तास सहज जातात. नऊच्या ऑफिसला पोचायचं तर सव्वासहा-साडेसहाला घर सोडावं लागतं. सहाला सुटलं तरी परतायला आठ वाजतात. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदानाची वेळ होती सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच. लोकलचा प्रवासी घरी नसतो ती वेळ नेमकी हीच.

म्हणजे सुट्टी घेतल्याशिवाय त्याला मत देताच येत नाही. लोकसभा आणि विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५-ब आहे. त्यानुसार कर्मचाऱ्याला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते. ते कलम या दोन निवडणुकांपुरतंच आहे. नगरपरिषदांसाठी राज्य सरकार दर वेळी वेगळा आदेश काढतं. मतदार नोकरीसाठी हद्दीबाहेर जात असला तरी त्याला सुट्टी द्यावी, असं त्यात साधारणपणे लिहिलेलं असतं. पूर्ण दिवस सोडणं शक्य नसेल तर दोन-तीन तासांची सवलत द्यावी, असंही असतं. ही दोन-तीन तासांची सवलत दादरहून परळला जाणाऱ्याच्या उपयोगाची आहे. बदलापूरकराला तेवढ्या वेळात फक्त घर गाठता येतं. शिवाय हा आदेश मुंबईतल्या कंपनीच्या एचआरपर्यंत पोचतोच असं नाही. बँका, सरकारी कार्यालयं यांना तो कळतो. कुरिअर कंपनीत, मॉलमधल्या दुकानात, छोट्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांचं काय? गाडीत भेटलेल्या एका औषधाच्या दुकानातल्या मुलाने सरळ सांगितलं की सुट्टी मागितली तर मालक विचारेल, कसली निवडणूक?

ही अडचण खरी आहे आणि ती मतदाराची चूक नाही. पण गावाच्या आणि गाडीच्या घड्याळांचा हा बेबनाव मतदानापुरता नाही, तो वर्षभर चालू असतो. घंटागाडीचंच घ्या. बऱ्याच सोसायट्यांमध्ये ती येते तेव्हा नवरा-बायको दोघंही गाडीत असतात, घरी कोणी नसतं. मग आदल्या रात्रीची पिशवी सकाळी निघताना कोपऱ्यावर ठेवली जाते, कुत्री ती फोडतात आणि संध्याकाळपर्यंत तिथे उकिरडा होतो. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतात, लोक एकमेकांना दोष देतात. घंटागाडी कोणत्या वेळी कोणत्या रस्त्याने जावी, हे नगरपरिषदेच्या ठेक्यात ठरतं. ठेका देताना रात्री नऊची एक फेरी ठेवा असं म्हणायला कोणी उभं राहिलं, तर ती ठेवता येते. पण घंटागाडीची सकाळची वेळ ज्यांना सोयीची आहे तेच लोक दिवसा गावात असतात, नगरसेवकाच्या कार्यालयात डोकावतात आणि मतदानाला जातात.

घरपट्टी भरायची खिडकी, जन्म-मृत्यूचे दाखले, बांधकामाची तक्रार, सगळं कार्यालयीन वेळेत. सर्वसाधारण सभाही तशीच, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. प्रभाग रचना असो, मतदार यादी असो की विकास आराखडा, हरकती आणि सूचनांसाठी ठराविक दिवस दिले जातात. ज्याला दिवसाउजेडी गाव फक्त रविवारी दिसतं, आणि त्यातही मेगाब्लॉक असतो, तो या कशाच्याच वाटेला जात नाही.

दारापासून फलाटापर्यंत

प्रवाशांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवली. कशाचा त्रास होतो असं विचारलं की सगळे गाड्यांबद्दल बोलतात. फेऱ्या कमी, पंधरा डब्यांच्या गाड्या हव्यात, कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम कधी संपणार, चिखलोली स्थानकाचं काय झालं. हे प्रश्न जिवाचे आहेत, आणि ते रेल्वेचे, म्हणजे दिल्लीचे आहेत. पण घराचं दार ओढून घेतल्यापासून फलाटावर पाय पडेपर्यंतचा जो रस्ता आहे, त्याच्याबद्दल खोदून विचारावं लागतं.

मी असं खोदून विचारलं, तेव्हा एका बँकेत काम करणाऱ्या ताईंनी आपला तो रस्ता तपशिलात सांगितला. पहाटे निघताना गल्लीतले दोन दिवे बंद. पदपथ आहे, पण त्यावर दुचाक्या. पुढे गटाराचं झाकण खचलेलं, ते चुकवायला रस्त्यावर उतरावं लागतं. शेअर रिक्षाची रांग जिथे लागते तिथे पावसात घोट्याएवढं पाणी. रात्री उतरलं की स्थानकाबाहेर हातगाड्या, रिक्षा आणि घ्यायला आलेल्या मोटरसायकली यांत पाऊल टाकायला जागा नाही. त्यांची मुलगी कॉलेजला जाते, तिला उशीर झाला तर त्या स्वतः स्थानकावर थांबतात आणि दोघी मिळून घरी जातात. गर्दीतली चेंगराचेंगरी त्यांनी अंगवळणी पाडून घेतली आहे. धास्ती आहे ती त्या शेवटच्या दहा मिनिटांच्या चालण्याची.

त्यांनी सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत नगरपरिषद येते. दिवे, गटारं, पदपथ, रस्त्याचा उतार, साफसफाई ही १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याप्रमाणे तिची कामं आहेत. फेरीवाल्यांना जागा कुठे द्यायची हे २०१४च्या पथविक्रेता कायद्याखाली नगर पथविक्रेता समितीत ठरतं, आणि ती समितीही नगरपरिषदेचीच. रिक्षाचं भाडं परिवहन खात्याकडून ठरतं, पण स्टँडसाठी जागा द्यायची, तिथे शेड आणि मुतारी बांधायची, तर पालिकेचा संबंध येतो.

हेही समजून घ्यायला हवं की सगळंच पालिकेच्या हातात नसतं. बदलापूर-अंबरनाथचं पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, नगरपरिषद नव्हे. नळाला पाणी आलं नाही म्हणून नगरसेवकाच्या दारात गेलात तर तोही प्राधिकरणाकडेच बोट दाखवणार. वीज महावितरणची. मोठे रस्ते आणि पूल अनेकदा एमएमआरडीएच्या पैशातून होतात. दोष कुणाचा हेच कळत नसल्यामुळे माणूस थकून ‘सगळे सारखेच’ म्हणतो आणि विषय संपवतो. पण याच कारणासाठी गावात एक निवडून आलेला माणूस लागतो. प्राधिकरणाच्या अभियंत्याकडे, महावितरणच्या कार्यालयात, रेल्वेच्या अधिकाऱ्यांपुढे दिवसा जाऊन बसणारा माणूस. तुम्ही त्या वेळी कुर्ला ओलांडत असता.

धरायचं कोणाला?

बदलापूरला स्वतःची पालिका सहजासहजी मिळालेली नाही. १९८३मध्ये कल्याण महापालिका स्थापन झाली तेव्हा डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि बदलापूरही तिच्यात घातले गेले. दूरच्या कल्याणातून कारभार चालतो, आपल्याकडे लक्ष जात नाही, ही भावना वाढत गेली आणि १९९२मध्ये ही दोन्ही शहरं महापालिकेतून बाहेर पडली. त्याच वर्षी संसदेने चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती केली. शहरातल्या पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक, असं संविधानातच लिहिलं गेलं.

२०२०च्या मे महिन्यात बदलापूर आणि अंबरनाथ नगरपरिषदांची मुदत संपली. आधी करोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला, मग प्रभाग रचनेचे बदलते कायदे. निवडणूक लांबत गेली आणि कारभार प्रशासकाकडे राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ला चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, नंतर ३१ जानेवारी २०२६ची शेवटची तारीख घालून दिली, तेव्हा कुठे राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम लागला. त्यातही उमेदवारीच्या अपिलांचे निकाल उशिरा लागल्यामुळे काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं. अंबरनाथ त्यातच होतं. मतमोजणी सगळ्यांची २१ डिसेंबरला झाली.

साडेपाच वर्षं या शहरांना नगरसेवकच नव्हता. प्रशासक कामं करत नव्हते असं मी म्हणणार नाही. रस्ते झाले, निविदा निघाल्या, बिलं दिली गेली. पण कोणत्या गल्लीत आधी, कोणत्या गल्लीत नंतर, हे सभेत उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं. २० ऑगस्ट २०२४ला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या संतापाने बदलापूरकर रुळांवर उतरले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल बंद राहिली. तो संताप पोलिसांच्या दिरंगाईवर होता, पालिकेवर नव्हता. तरीही मला वाटतं, गावातल्या गावात ज्याच्या दारावर थाप मारावी असा निवडून दिलेला एकही माणूस त्या काळात नव्हता, हे त्या दिवसाबद्दल बोलताना विसरू नये.

यादीवरच्या खुणा

आता गणित पाहू, कारण मत ‘वाया जातं’ म्हणणाऱ्यांचा गैरसमज इथे आहे. बदलापूर विधानसभेला मुरबाड मतदारसंघात मोडतं आणि लोकसभेला भिवंडीत. त्या निवडणुकांत लाखो मतांमध्ये एका सोसायटीचं मत शोधूनही सापडणार नाही. नगरपरिषदेत मात्र २४ प्रभाग होते. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,७४,२२६ होती आणि प्रभाग त्याच आकड्यावर पाडले गेले. भागाकार केला तर एका प्रभागाच्या वाट्याला सव्वासात हजार माणसं येतात, लहान मुलं धरून. प्रत्यक्षात शहर तेव्हापासून कितीतरी वाढलं आहे, तरी प्रभागातली लढत काही हजार मतांतच होते, आणि जिंकणारा-हरणारा यांच्यातलं अंतर कधी कधी एका मोठ्या कॉम्प्लेक्सएवढं असतं. एका मतदाराला साधारणपणे दोन नगरसेवक आणि थेट नगराध्यक्ष अशी तीन बटणं दाबायची असतात.

मत गुप्त असतं. मतदानाला कोण आलं ते गुप्त नसतं. केंद्रावर प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी यादी घेऊन बसलेला असतो. अनुक्रमांक पुकारला की तो खूण करतो. दुपारी बारापर्यंत कोणत्या इमारतीतून किती आले, हे बाहेरच्या टेबलाला कळलेलं असतं. मोजणीच्या दिवशी यंत्रं एकेक करून उघडतात, त्यामुळे केंद्रवार आकडे प्रतिनिधींच्या वहीत उतरतात. एका केंद्रावर हजाराच्या आसपास मतदार, म्हणजे दोन-तीन मोठ्या सोसायट्या आणि एखादी चाळ. पुढची पाच वर्षं ही वही जपून ठेवली जाते.

बरीच वर्षं निवडणुका ‘लढवणाऱ्या’ एका कार्यकर्त्याने मला हे उलगडून सांगितलं. त्याच्या भाषेत गावठाण आणि चाळ म्हणजे ‘पक्कं मत’ आणि स्थानकाजवळचे टॉवर म्हणजे ‘कच्चं मत’. कच्चं यासाठी नव्हे की ते विरोधात जाईल. कच्चं यासाठी की ते येणारच नाही. “त्यांना एकदा पेव्हर ब्लॉक द्यायचे, सीसीटीव्ही द्यायचा, गणपतीत वर्गणी द्यायची. बास. ते गाडीतच भांडतात, इथे येऊन भांडत नाहीत,” असं तो सहज म्हणाला. त्यात द्वेष नव्हता. तो एक व्यवहार सांगत होता. ज्या इमारतीतून शंभरातले तीस येतात तिच्यासमोरचं गटार, आणि ज्या इमारतीतून सत्तर येतात तिच्यासमोरचं गटार, यांत आधी कोणतं होणार हे सांगायला राजकारण शिकावं लागत नाही.

मला ही गोष्ट निराशेची वाटली नाही, उलट धीर देणारी वाटली. कारण उमेदवार हरला तरी यादीवरची तुमची खूण राहते. तुम्ही ज्याला मत दिलं तो पडला, पण तुमच्या विंगेतून ऐंशी टक्के माणसं आली, तर जिंकलेला माणूस पुढच्या महिन्यात त्या विंगेत येतोच. ‘वरीलपैकी कोणीही नाही’चं बटण दाबलंत तरी तुमची गणना ‘येणाऱ्यांत’ होते. न येणाऱ्याचं मात्र नाराजी, राग, उदासीनता असं काहीच नोंदलं जात नाही. तिथे नुसती कोरी जागा असते.

मत गावाला

बदलापूर, अंबरनाथ, वांगणी, नेरळ या पट्ट्यातल्या अनेक घरांची मुळं लालबाग-परळमध्ये आहेत. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींतली घरं लहान पडली, आणि माणसं मध्य रेल्वेच्या मार्गाने बाहेर सरकत गेली. घर इकडे आलं, पण मतदार यादीतलं नाव बऱ्याच जणांचं तिकडेच राहिलं. कोणाचं परळच्या चाळीच्या पत्त्यावर, कोणाचं रत्नागिरी-सिंधुदुर्गात, साताऱ्यात, गावच्या घराच्या पत्त्यावर.

गावच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की हीच माणसं रजा टाकतात. उमेदवार गाड्या करतात, वाडीचं मंडळ फोन करतं, रात्रभर प्रवास करून सकाळी मत देतात आणि परत येतात. ज्या घरात वर्षातून गणपती आणि मे महिना मिळून पंधरा-वीस दिवस राहणं होतं, त्या घरापुढची पाखाडी, विहीर, देवळाकडचा रस्ता यांच्यासाठी ही सगळी यातायात. स्थानिक मताची किंमत आपल्या माणसांना कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी कोकणात ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या सकाळी एकदा उभं राहून बघावं. ती किंमत पुरती कळते. फक्त ती जिव्हाळ्याच्या पत्त्यावर खर्च होते, राहत्या पत्त्यावर होत नाही.

ही ओढ मी तुच्छ मानत नाही. पण कायदा एकाच ठिकाणी नाव ठेवू देतो, आणि ते जिथे माणूस सामान्यतः राहतो तिथे. तुमची मुलं ज्या रस्त्याने शाळेत जातात, तुमच्या म्हाताऱ्या आईला रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर रिक्षा ज्या खड्ड्यांतून जाते, ते बदलापुरात आहेत. वाडीतल्या पाखाडीची काळजी घ्यायला वाडीत चुलतभाऊ आहे. इथे तुमच्याशिवाय कोण आहे?

नाव नसण्याचा फटका मतदानाच्या दिवशी कळतो, तेव्हा काही करता येत नाही. राज्य निवडणूक आयोग स्वतः नावं घालत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत वाटतो. या वेळी १ जुलै २०२५ला अस्तित्वात असलेली यादी धरली गेली. त्यानंतर ज्यांनी अर्ज केले, त्यांची नावं कितीही खरी असली तरी या निवडणुकीत आली नाहीत. २ डिसेंबरला एका शाळेच्या फाटकाशी एक तरुण जोडपं असंच परत फिरताना दिसलं. दोघांनीही रजा घेतली होती. घर घेऊन तीन वर्षं झालेली, नावं अजून ठाण्यात भाड्याच्या घराच्या पत्त्यावर.

नदीकाठची घरं

दिवे आणि घंटागाडी या रोजच्या गोष्टी झाल्या. पालिकेच्या एका सहीने जन्माचं नुकसान कसं होऊ शकतं, ते बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी या भागांत गेल्यावर कळतं. उल्हास नदी इथून जवळ आहे. २६ जुलै २००५च्या पावसात तिने शहरात शिरून दाखवलं होतं. २७ जुलै २०१९ला पुन्हा शिरली. त्याच दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी, रबरी तराफ्यांनी बाहेर काढावं लागलं. ती गाडी देशभर टीव्हीवर दिसली. तळमजल्यावरच्या बुडालेल्या घरांमधले फ्रीज, गाद्या, शाळेची दप्तरं, दुकानातला माल यांच्या वाट्याला तेवढे कॅमेरे आले नाहीत.

नदीच्या दोन रेषा नकाशावर आखलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा पाणी येतं तिथवर निळी, शंभर वर्षांतून एकदा येतं तिथवर लाल. रेषा जलसंपदा खातं ठरवतं; बांधकामाची परवानगी देताना ती पाहायचं काम मात्र नगरपरिषदेचं. कोणत्या भूखंडावर किती मजले, नाला कुठे वळवला, भराव किती टाकला, हे सगळं पालिकेच्या फायलीत असतं. ‘नदीच्या कुशीत घर’ अशी जाहिरात वाचून आयुष्यभराची पुंजी लावणारा माणूस बहुतेक लोकलचा प्रवासीच असतो. पूर येतो त्या दिवशी तो ऑफिसात किंवा कल्याणला थांबलेल्या गाडीत अडकलेला असतो, आणि पाणी पायरीवर आल्याचं त्याला फोनवर कळतं. पुराचा इशारा सोसायट्यांपर्यंत किती लवकर पोचतो, नाले मे महिन्यातच साफ होतात की जूनमध्ये कागदावर, नव्या टॉवरचा भराव जुन्या चाळीत पाणी ढकलतो का, हे प्रश्न सभागृहात विचारायला त्याच्याकडे एक नगरसेवक आहे. तोही त्याने निवडला असेल तर.

काय करता येईल

सरकारकडून करायच्या गोष्टी आधी. मतदानाची वेळ प्रवाशांच्या शहरांत तरी सकाळी सहा किंवा सातला सुरू होऊन रात्री आठपर्यंत असावी, किंवा मतदान रविवारी, मेगाब्लॉक रद्द करून घ्यावं, हे माझं स्पष्ट मत आहे. सुट्टीचा आदेश ज्या शहरात मतदान आहे तिथल्यापेक्षा तिथली माणसं ज्या शहरात कामाला जातात तिथे जास्त पोचला पाहिजे. तो मुंबईतल्या आस्थापनांना पाठवला पाहिजे आणि दोन-तीन तासांची पळवाट लांबच्या प्रवाशांसाठी बंद केली पाहिजे. हे मागण्यासाठी प्रवासी संघटना आहेत. गाड्यांच्या वेळांसाठी त्या वर्षानुवर्षं चिकाटीने निवेदनं देतात. मतदानाच्या वेळेसाठीही त्यांनी एक निवेदन द्यावं.

हा प्रश्न एकट्या बदलापूरचा नाही. कर्जत आणि खोपोलीहून मुंबईला, लोणावळा-तळेगावहून पुण्याला, मनमाड-इगतपुरीहून नाशिकला रोज जाणारे हजारो लोक अशाच नगरपरिषदांच्या हद्दीत झोपतात. वांगणी, नेरळसारख्या ठिकाणी अजून ग्रामपंचायत आहे. तिथे तर प्रभाग आणखी लहान आणि एका मताचं वजन आणखी जास्त. शिवाय तिथे ग्रामसभेत उभं राहून बोलण्याचा हक्क कायद्यानेच आहे.

नगरपरिषदांची नवी सभागृहं आता बसली आहेत. त्यांची मुदत पाच वर्षांची, म्हणजे पुढची संधी २०३०च्या अखेरीस किंवा त्यानंतर लगेच. तोवर दोन कामं करण्यासारखी आहेत. पहिलं, आपल्या प्रभागातल्या दोन्ही नगरसेवकांना सोसायटीच्या सभेला रविवारी बोलवा, घंटागाडीची वेळ आणि स्थानकाच्या रस्त्यावरचे दिवे या दोनच विषयांवर बोला, आणि सभेचं टिपण ठेवा. दुसरं काम आजच करा. मतदार यादीत आपलं नाव कुठे आहे ते पाहा. राहत्या घराच्या पत्त्यावर नसेल तर फॉर्म ८ भरा, नावच नसेल किंवा घरातल्या मुलामुलीने अठरा पूर्ण केली असतील तर फॉर्म ६. ऑनलाइन भरता येतो, गाडीत बसायला जागा मिळाली तर एका प्रवासात होतो. पात्रतेच्या तारखा वर्षातून चार असतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. यातली पुढची तारीख कधीच फार लांब नसते.